लहान मुलांसाठी त्यांच्या बाबाच्या आठवणी कशा जपाव्यात

तरुण वयात बाप जातो तेव्हा मूल बहुतेकदा दोन, चार, सहा वर्षांचं असतं. माणसाची पहिली टिकाऊ आठवण साधारण साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. शिवाय पाचव्या वर्षी मुलाला जे लख्ख आठवतं, त्यातलं बरंचसं आठव्या-नवव्या वर्षापर्यंत पुसलं जातं. म्हणजे या मुलाला पुढे बाबा भेटेल तो मुख्यतः घरच्यांनी आज जे राखून ठेवलं त्यातूनच.

कामाचा क्रम मात्र बहुतेक घरांत उलटा लागतो. आधी मोठा फोटो फ्रेम होतो, कपडे धुऊन वाटले जातात, फोन कुणाला तरी वापरायला दिला जातो. वर्षभराने कुणाला तरी त्याचा आवाज ऐकावासा वाटतो आणि तो कुठेच सापडत नाही. कागदावरचा फोटो वीस वर्षं थांबेल. फोनमधला डेटा, कपड्यांचा वास आणि मुलाची स्वतःची आठवण थांबणार नाही. जे आधी जातं ते आधी वाचवायचं, या हिशेबानेच पुढचा क्रम लावला आहे.

पहिल्या महिन्यात तीन गोष्टी पाळल्या तरी पुरे: काही पुसू नका, काही धुऊ नका, काही वाटू नका. बाकीचं सावकाश होऊ शकतं. तांत्रिक कामं त्याच्या बायकोवर टाकू नका. दीर, भाऊ, मैत्रीण किंवा ऑफिसातला जवळचा सहकारी, असं कुणीतरी एकच माणूस त्यासाठी ठरवा. चार जण मदतीला आले की एकाच फोनवर चौघे चार प्रयोग करतात.

फोन आणि खाती

फोन चार्जिंगला लावा, सिम आतच राहू द्या आणि तो बंद करू नका. बंद करून पुन्हा सुरू केलेला फोन बोट किंवा चेहरा मान्य करत नाही, पासकोडच मागतो. पासकोड माहीत नसेल तर अंदाजाने आकडे मारत बसू नका. चुकीच्या प्रयत्नांनंतर फोन आधी काही मिनिटं, मग तासभर अडवतो. काही फोनमध्ये दहा चुकांनंतर सगळं पुसून टाकण्याची सेटिंग चालू असते. दुकानात नेलात तर ‘रीसेट करून देतो’ म्हणतील. रीसेट म्हणजे आतलं सगळं कायमचं गेलं, तेव्हा त्याला साफ नकार द्या. आधी त्याचा लॅपटॉप आणि खणातले जुने फोन तपासा. फोनचा जुना बॅकअप तिथे पुष्कळदा निघतो.

मोबाइल नंबर निदान वर्षभर चालू ठेवा. बँकेपासून ईमेलपर्यंत सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात, आणि नंबर बंद पडला की कंपनी काही काळाने तो दुसऱ्या ग्राहकाला देऊन टाकते. त्याच्या आवाजातला व्हॉइसमेलचा निरोप असेल तर तोही नंबराबरोबर जातो. दुसऱ्या फोनवरून कॉल लावा, स्पीकर चालू करा आणि तिसऱ्या उपकरणावर तो रेकॉर्ड करा. पाच मिनिटांचं काम आहे, आजच उरका.

खात्यांच्या मुदती वेगवेगळ्या आहेत. व्हॉट्सॲपचं खातं साधारण 120 दिवस वापरलं नाही तर रद्द होऊ शकतं. गूगलचं वैयक्तिक खातं 2 वर्षं निष्क्रिय राहिलं तर त्यातल्या मेल आणि फोटोंसकट काढून टाकलं जाऊ शकतं. त्याने हयातीत ॲपलच्या खात्यावर वारस-संपर्क नेमून ठेवला असेल, तर त्या व्यक्तीला मिळालेली प्रवेश-किल्ली आणि मृत्यूचा दाखला दाखवून आतलं बरंचसं मिळवता येतं. फेसबुकला मृत्यू कळवला की ते प्रोफाइल स्मृतिखातं करतात आणि त्यानंतर त्यात कुणालाही लॉगिन करता येत नाही. त्यामुळे घाईने कळवू नका. आधी तुमच्या स्वतःच्या खात्यातून दिसणाऱ्या त्याच्या पोस्ट, फोटो आणि खालच्या प्रतिक्रिया उतरवून घ्या.

त्याचा फोन उघडला नाही तरी तुमचा उघडतोच. बायको, आईवडील, भावंडं, मित्र, प्रत्येकाने त्याच्याशी झालेलं संभाषण आपापल्या फोनमधून ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून मीडियासकट बाहेर काढावं. आधी वर सरकत जाऊन डाउनलोड न केलेले फोटो आणि व्हॉइस नोट उघडून घ्या, नाहीतर नुसता मजकूर येतो. फार मोठ्या संभाषणाच्या एक्स्पोर्टमध्ये जुना भाग गळतो, म्हणून अँड्रॉइड फोनमधलं व्हॉट्सॲपचं ‘मीडिया’ हे अख्खं फोल्डरही केबल लावून संगणकावर उतरवा. व्हॉइस नोटचं फोल्डर त्यातच असतं. फायली ‘ओपस’ प्रकारच्या असतील. त्या तशाच ठेवा आणि ऐकायला सोपी म्हणून एमपी३ प्रत वेगळी करा.

आवाज

घरातले फोटो काढणारा बहुधा बापच असतो, म्हणून फोटोंत तो कमी दिसतो. पण त्याने काढलेल्या प्रत्येक व्हिडिओत त्याचा आवाज असतो. मुलाच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ पुन्हा लावा, या वेळी पडद्याकडे न बघता. ‘इकडे बघ, इकडे... अरे सांभाळ!’ असं म्हणून तो हसतो, मोबाइल हलतो, मायक्रोफोनवर त्याच्या बोटाची खरखर येते. ही तीस सेकंदं पुढे मुलाला कुठल्याही फ्रेमपेक्षा जवळची वाटतील. असे तुकडे निवडून त्यांचा फक्त आवाज वेगळ्या फायलीत काढून ठेवा. मूळ व्हिडिओला मात्र हात लावू नका.

आवाज शोधायच्या इतर जागा: ऑफिसच्या ऑनलाइन बैठकांची रेकॉर्डिंग (कंपनीकडे लवकर मागा, ठरावीक काळाने ती पुसली जातात), लग्नाच्या व्हिडिओग्राफरकडचं न कापलेलं चित्रण, मित्रांच्या सहलींचे व्हिडिओ, खेळताना केलेली स्क्रीन रेकॉर्डिंग. मित्रांकडे मागताना ‘काही असेल तर पाठव’ असं मोघम म्हणू नका. ‘अमुक वर्षीच्या ट्रेकचा व्हिडिओ तुझ्याकडे आहे का?’ असं विचारलं तर ते शोधतात. आणि फायली चॅटमध्ये साध्या फोटोसारख्या मागवू नका. त्यात दर्जा घसरतो आणि फोटो कधी काढला ती तारीखही गळते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ड्राइव्हच्या दुव्याने मागवा.

हल्ली आवाजाची नक्कल करणारी आणि स्थिर फोटोला हसवणारी ॲप आहेत. कुणी हौसेने असं काही करून पाठवलंच तर ते खऱ्या फायलींत मिसळू नका. वेगळ्या फोल्डरमध्ये ‘कृत्रिम’ अशी स्पष्ट नोंद करून ठेवा. पंधरा वर्षांनी मुलाला बाबा खरोखर काय बोलला होता हे कळायला हवं. धूसर फोटो ‘सुधारणारी’ ॲपही चेहऱ्याचे बारकावे स्वतःच्या मनाने भरतात, म्हणून मूळ धूसर फोटो टाकून देऊ नका.

मुलाला आत्ता जे आठवतं आहे

हा भाग सगळ्यांत जास्त राहून जातो. मोठ्यांना वाटतं, मुलाला कशाला आठवण करून द्यायची, विसरलं तर बरंच आहे. पण लहानपणीच्या आठवणी टिकतात त्या मुख्यतः वारंवार बोलल्यामुळे, आणि विषय टाळला की मूल एवढंच शिकतं की या घरात बाबाचं नाव काढायचं नाही.

एक वही करा. आंघोळीच्या वेळी, गाडीत, झोपताना मूल बाबाबद्दल जे बोलेल ते त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत, तारीख आणि त्याचं वय घालून लिहा. ‘बाबा मला पायावर उभं करून चालायचा’ हे वाक्य तसंच लिहायचं, व्याकरण सुधारायचं नाही. चुकीचं आठवत असलं तरी तसंच लिहा, हवं तर खाली खरी गोष्ट कंसात. मुलाला प्रश्नांच्या फैरीत अडकवू नका. आपण स्वतःची एखादी आठवण सांगायची आणि थांबायचं. बोलायचं असेल तर ते बोलतं. चित्र काढलं तर मागे तारीख घालून ठेवा, आणि काय काढलं आहे ते त्याच्या तोंडून ऐकून लिहा. सहा महिन्यांनी ती रेघ बाबा होती की गाडी, हे त्यालाही सांगता येत नाही.

कपडे

न धुतलेल्या कपड्यातला वास हा उडून जाणारा पदार्थ आहे. जितक्या वेळा पिशवी उघडाल तितका तो कमी होतो. त्याने शेवटी घातलेले दोन कपडे घ्या, एखादा टीशर्ट आणि झोपायचा शर्ट, आणि वेगवेगळ्या झिपच्या जाड पिशव्यांत हवा काढून बंद करा. एक पिशवी हवी तेव्हा उघडायची, दुसरी राखीव. कपडा पूर्ण कोरडा हवा, नाहीतर आत बुरशी धरते. एवढं करूनही वास कायमचा टिकत नाही, काही महिने किंवा फार तर काही वर्षं मिळतात. त्याचा साबण, तेल, परफ्यूम कुठला होता ते नाव लिहून ठेवा. पुढे तो विकत आणता येतो.

बाकीचे जपायचे कपडे मात्र धुऊनच ठेवा. घाम आणि अन्नाचे डाग आधी दिसत नाहीत, वर्षभरात पिवळे पडतात आणि कसर व किडे तिथेच लागतात. धुतलेला कपडा प्लॅस्टिकमध्ये नको, सुती कापडात गुंडाळा. इस्त्रीची कडक घडी घालू नका आणि वर्षातून एकदा घडी बदला, कारण धागे घडीच्या रेषेवर तुटतात.

त्याच्या शर्टांची गोधडी करायची कल्पना चांगली आहे, पण पहिल्या वर्षात कात्री लावू नका. दुःखाच्या भरात कापलेला शर्ट परत येत नाही. वर्षानंतरही शर्ट हातात घेऊन नक्की वाटलं तरच करा. 120 × 160 सेंटीमीटरच्या गोधडीला 20 सेंटीमीटरचे 48 चौकोन लागतात. शिलाईसाठी प्रत्येक चौकोन 21.5 सेंटीमीटरचा कापायचा. पूर्ण बाह्यांच्या शर्टाच्या पाठीतून चार-सहा, पुढच्या दोन भागांतून मिळून तीन-चार आणि बाह्यांतून दोन निघतात. तेव्हा सहा शर्ट पुरतात, आठ असले तर निवडीला वाव राहतो. टीशर्टचं कापड ताणतं, त्याला मागून इस्त्रीने चिकटणारं अस्तर लावल्याशिवाय कापलं तर चौकोन वाकडेच होतात. मुलं दोन असतील तर आधी शर्टांची वाटणी करा, मग कापा. खिसा आणि बटणपट्टी फेकू नका. छातीवरचा खिसा मधल्या चौकोनात तसाच शिवला तर मुलं त्यात हात घालतात, चिठ्ठ्या ठेवतात. दोन शर्ट मात्र अखंड राहू द्या. मूल मोठं झाल्यावर एकदा तरी तो घालून बघतं.

माणसांकडून काय आणि कसं विचारायचं

‘तो कसा होता?’ असं विचारलंत तर ‘फार चांगला, मनमिळाऊ’ एवढंच मिळेल. अशी दहा उत्तरं जमवली तरी त्यातून माणूस उभा राहत नाही. प्रश्न बारीक हवेत:

- राग आला की तो काय करायचा? गप्प बसायचा, की आदळआपट?
- पहिला पगार त्याने कशावर उडवला?
- त्याने तुमच्याशी कधी खोटं बोलून वेळ मारून नेली होती?
- कुठलं काम तो नेहमी उद्यावर ढकलायचा?
- मूल होणार हे त्याने तुम्हाला कसं सांगितलं? नेमके शब्द आठवतात?
- त्याला कशाची भीती वाटायची?

रेकॉर्डिंगला साधा फोन चालतो. तो फ्लाइट मोडवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, टेबलावर दुमडलेल्या रुमालावर ठेवा. पंखा बंद करा, मागची खिडकी लावा. सुरुवातीला तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव बोलून घ्या. पाऊण तासाच्या वर जाऊ नका. आणि हे मूल मोठेपणी ऐकणार आहे, हे त्यांना आधी सांगा.

त्याचे आईवडील आणि त्याची बायको यांना एकत्र बसवू नका. एकमेकांच्या देखत सगळे जपून बोलतात. आईला बालपणाचं विचारा, वडिलांना त्याच्या हट्टांचं आणि भांडणांचं. म्हातारे वडील पहिल्यांदा दोन वाक्यांत आटोपतील. तरी त्यांच्याकडे पुन्हा जा, जुने फोटो पुढ्यात ठेवा आणि शांत बसा. लहानपणच्या मित्रांची गाठ लवकर घ्या. मुलाला पुढे सगळ्यांत जास्त कुतूहल असतं ते बाबा त्याच्याच वयाचा असताना कसा होता याचं, आणि ते घरच्यांपेक्षा शाळेच्या मित्रांना जास्त माहीत असतं.

मुलाने मोठेपणी वाचावीत म्हणून लोकांकडून पत्रंही लिहून घ्या. मात्र ती आधी तुम्ही वाचा. ‘आता तूच घरचा कर्ता, आईला सांभाळ’ छापाची पत्रं मुलाच्या हाती देऊ नका. सात वर्षांचं मूल ते खरं मानतं आणि वर्षानुवर्षं तो भार वाहतं. बाबाला देव करणारी पत्रंही फारशी कामाची नाहीत. ज्याचं कधी काही चुकलंच नाही अशा बापाच्या तुलनेत मूल कायम उणंच पडतं. गणितात दोनदा नापास झालेला, पोहायला घाबरणारा, पार्किंगवरून हुज्जत घालणारा बाबा त्याला जास्त उपयोगी पडतो.

फोटो आणि कागद

छापील फोटो 600 डीपीआयवर (म्हणजे एका इंचात 600 ठिपके) स्कॅन करा. पोस्टकार्ड आकाराला 300 चालतात, पण पुढे मोठी प्रत काढायची झाली तर कमी पडतात. स्कॅनर नसेल तर फोटो सपाट ठेवून दोन्ही बाजूंनी तिरका प्रकाश द्या आणि फ्लॅश बंद करून वरून फोटो काढा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करायची. त्यावरचं दोन ओळींचं अक्षर कधी कधी पुढच्या चेहऱ्याइतकंच मोलाचं असतं.

चिकट पानांच्या जुन्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवत सोडवा. सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करा. मागे बॉलपेनने दाबून लिहिलं तर पुढे वळ उठतो, म्हणून मऊ पेन्सिल वापरा. लॅमिनेशन कशाचंही करू नका, ते उलटवता येत नाही. थर्मल कागदावरच्या गोष्टी, म्हणजे सोनोग्राफीची चित्रं, तिकिटं, पावत्या, आपोआप कोऱ्या होतात. त्या याच आठवड्यात स्कॅन करा.

त्याचं हस्ताक्षर जिथे सापडेल तिथून गोळा करा: बाजाराची यादी, वहीच्या कोपऱ्यातले हिशेब, मुलाच्या शाळेच्या डायरीतली सही.

पेटी आणि वाटणी

प्रत्येक मुलाची पेटी वेगळी हवी. एकच सामाईक पेटी केली तर ती थोरल्याची होते. साधारण 40 × 30 × 20 सेंटीमीटरची, झाकणाची, लहान मुलाला स्वतः उघडता येईल अशी घ्या. आत हाताळून खराब झाली तरी चालतील अशाच वस्तू ठेवा: फोटोंच्या प्रती, चाव्यांची जुडी, पट्टा, टोपी, चष्म्याचं घर. मूळ कागद, घड्याळ, दागिने दुसरीकडे. प्रत्येक वस्तूबरोबर दोन-तीन ओळींची चिठ्ठी हवी, नाहीतर वीस वर्षांनी तो नुसता एक जुना पेन उरतो. ‘पेन, शाईचा. मुलाखतीला जाताना हाच खिशाला लावायचा. टोपण चावायची सवय होती, दातांचे वळ बघ.’ एवढं पुरतं.

वस्तूंवरून कुटुंबात रुसवे होतातच, आणि ते बहुधा स्वस्त वस्तूंवरून होतात. सहा महिने काहीही घराबाहेर जाऊ देऊ नका. सगळ्याचे फोटो काढून यादी करा, मग कुणाला काय हवं ते लेखी मागवा. मुलांसाठी काय राखायचं याचा शेवटचा शब्द त्यांच्या आईचा. आजी-आजोबांना त्यांच्या मुलाच्या बालपणीच्या वस्तू आणि सगळ्या डिजिटल फायलींची पूर्ण प्रत द्यावी. पुढे दोन घरांतला संबंध ताणला तरी मुलांच्या हाती एक प्रत राहतेच.

मुलांशी बोलताना

लहान मुलाला ‘बाबा झोपलाय’, ‘लांब गावाला गेलाय’ असं सांगू नका. ते झोपायला घाबरतं किंवा दाराकडे बघत राहतं. पाचेक वर्षांपर्यंत मरण कायमचं असतं हे मुलांना उमगत नाही. ‘बाबाचं शरीर चालायचं थांबलं, तो मेला, आता परत येऊ शकत नाही’ हे साध्या शब्दांत आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. तेच प्रश्न नव्याने येतात, उत्तरं तीच द्या. मृत्यू आत्महत्येने किंवा व्यसनाने झाला असेल तरीही खोटी गोष्ट रचू नका. वयाला पेलेल इतकंच सांगा, पण जे सांगाल ते खरं असू द्या आणि घरात सगळ्यांनी तेच सांगा. चुलत भावंडांकडून कळलेलं सत्य मुलाला दुप्पट लागतं.

वाढदिवस आणि पुण्यतिथी सगळ्यांच्या लक्षात असते. वहीत आणखी एक तारीख लिहून ठेवा: ज्या दिवशी मुलाचं वय बाबाच्या शेवटच्या वयाएवढं होईल तो दिवस. बाप गमावलेल्या अनेकांना तो दिवस अनपेक्षितपणे जड जातो. पुढे बाबाहून मोठं होणं विचित्र वाटतं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

दवाखान्याची फाइल

ही आठवण म्हणून कुणी ठेवत नाही, पण मुलांच्या पुढच्या आयुष्यात तिचा उपयोग सगळ्यांत ठोस आहे. मृत्यूचं कारण, निदान झालं तेव्हाचं वय, रक्तगट, तपासण्यांचे अहवाल, शवविच्छेदन झालं असेल तर त्याची प्रत, हे सगळं एकत्र ठेवा. वडिलांना 55 च्या आत हृदयविकार झाला असेल तर डॉक्टर मुलांचा धोका वेगळ्या नजरेने बघतात. मोठ्या आतड्याचा कर्करोग असेल तर मुलांची तपासणी साधारणपणे चाळिसाव्या वर्षी किंवा वडिलांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा सुरू करायला सांगतात. खेळताना किंवा झोपेत अचानक मृत्यू आला असेल तर मुलांची हृदयतपासणी आत्ताच करून घ्या.

प्रती

सगळ्या फायलींच्या तीन प्रती हव्यात: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. यातली एक डिस्क दुसऱ्या घरी. पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नका. वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिला तर त्यातला डेटा उडू शकतो. फायलींची नावं तारखेने सुरू करा, ‘2019-03-14 पहिलं पाऊल’ अशी, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात. तारीख नक्की नसेल तर नुसतं वर्ष घाला. क्लाउडचा पासवर्ड कागदावर लिहून दोन विश्वासू माणसांकडे ठेवा आणि त्याचे पैसे कुणाच्या कार्डावरून जातात ते तपासा. तेच कार्ड त्याचं निघालं तर खातं कधीतरी बंद पडणार.

आतलं सगळं उतरवून झाल्यावर त्याचा फोन साठवून ठेवायचा असेल तर निम्मा चार्ज करून बंद करा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा निम्म्यापर्यंत चार्ज करा. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं दिसलं तर चार्जिंगला लावू नका, दुरुस्तीवाल्याकडून फक्त बॅटरी बदलून घ्या. वर्षातून एक दिवस ठरवून दोन्ही डिस्क जोडा, प्रत्येकीवरच्या चार-पाच फायली उघडून ऐका-बघा, वर्षभरात मिळालेलं नवं त्यात घाला. डिस्क पाच-सहा वर्षांची झाली की कुरबुर सुरू व्हायची वाट न बघता नवीवर उतरवा.